दख्खनमधील राज्यव्यवस्था आणि शेतीच्या उत्पन्नाची वाटणी

एखाद्या समाजात संपत्ती कोणाच्या हाती किती साठते, याची कारणे सामान्यतः जमिनीचा कस, पर्जन्यमान, व्यापारातील तेजीमंदी आणि माणसांचा उद्यम यांत शोधली जातात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. संपत्ती कशी निर्माण होते याचा उलगडा त्यांवरून होतो. निर्माण झालेली संपत्ती अखेर कोणाच्या घरी जाऊन पोहोचते याचा उलगडा होण्यासाठी मात्र राज्यसत्तेच्या रचनेकडे वळावे लागते.

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), सातारा व सोलापूर या जिल्ह्यांचा पठारी भाग, या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत येथील शेतीच्या तंत्रात फारसा पालट झाला नाही. ज्वारी-बाजरीचे पीक, बैलांचा नांगर, मोटेचे पाणी आणि काही वर्षांच्या अंतराने येणारे अवर्षण हा क्रम तसाच चालू राहिला. याच काळात राज्यव्यवस्था मात्र एकापेक्षा अधिक वेळा आमूलाग्र बदलली आणि प्रत्येक वेळी कुणब्याच्या खळ्यावरील धान्याचे वाटेकरीही बदलले. उत्पादनाची पद्धती स्थिर आणि सत्तेची पद्धती अस्थिर, अशी ही स्थिती असल्यामुळे वाटणीतील बदलांचे मूळ सत्तेच्या रचनेत किती प्रमाणात होते, हे येथे बरेचसे स्पष्ट दिसू शकते.

या विवेचनात तीन प्रश्न कसोटीदाखल घेतले आहेत. उत्पन्नावरील मागणी कोण ठरवतो? पीक बुडाल्यास ती मागणी कमी करण्याचा अधिकार कोणाकडे असतो? आणि देणे थकल्यास ते वसूल करण्यासाठी राज्यसत्तेचे बळ कोणाच्या पाठीशी उभे राहते? यांपैकी तिसऱ्या प्रश्नाकडे दख्खनच्या इतिहासात सर्वात कमी लक्ष दिले गेले आहे. वस्तुतः निर्णायक ठरला तो तोच.

१. वतन, मिरास आणि सरंजाम

मराठी राज्यात जमिनीवरील हक्क हा अखंड मालकीचा हक्क नव्हता. एकाच शेताच्या उत्पन्नावर अनेकांचे वाटे असत आणि त्या प्रत्येक वाट्याला 'हक्क' हेच नाव असे. सरकारचा धारा हा त्यांतील सर्वात मोठा वाटा. त्याशिवाय गावात पाटील व कुळकर्णी, परगण्यात देशमुख व देशपांडे यांचे वतनी हक्क, आणि बलुतेदारांचे बलुते. शेतकऱ्यांतही दोन थर होते. मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरागत असे. धारा भरीत असेपर्यंत त्यास कोणी काढू शकत नसे आणि तो परागंदा झाला तरी परत येऊन मिरास मागण्याचा त्याचा अधिकार दीर्घकाळ टिकत असे. उपरी हा कौलाने जमीन कसणारा. त्याचा हक्क कौलाच्या मुदतीपुरता.

या वाटणीचे प्रमाण केवळ परंपरेने ठरत नव्हते. ते सत्तेच्या गरजेप्रमाणे हलत असे. शिवकालीन व्यवस्थेचा निष्कर्ष सभासद बखरीत, म्हणजे १६९७ च्या सुमाराच्या लेखनात आढळतो: पिकाचे पाच भाग करून तीन रयतेस व दोन सरकारास. शिवाजी महाराजांनी सेवकांस जहागिरीऐवजी रोख वेतन देण्याचे आणि वतनदारांचे गढीकोट मोडून त्यांस नेमून दिलेल्या हक्कापलीकडे वसूल करू न देण्याचे धोरण ठेवले. आर्थिक दृष्टीने या धोरणाचा अर्थ असा होता की रयत व सरकार यांच्या दरम्यान उभे असलेले स्वतंत्र सत्ताकेंद्र दुर्बल करावयाचे. मध्यस्थाच्या हाती शस्त्र व किल्ला असेल तर वसुलाचे प्रमाण कागदावर काहीही असले तरी प्रत्यक्षात तोच ते ठरवितो, ही गोष्ट या धोरणाच्या मुळाशी होती.

राजाराम महाराजांच्या काळात हे धोरण टिकले नाही. १६८९ नंतरच्या मोगली युद्धात सरकारजवळ रोख पैसा नव्हता. निष्ठा विकत घेण्याचे साधन म्हणून दोन्ही पक्ष वतने व सरंजाम वाटू लागले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयी जो सावधगिरीचा सूर उमटला आहे, त्यामागे हाच अनुभव आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्यावर या वाटणीला पद्धतशीर रूप आले. सरदेशमुखीचे शेकडा १० छत्रपतींचे. चौथाईपैकी शेकडा २५ बाबती म्हणून पुन्हा छत्रपतींची. उरलेल्यातून साहोत्रा ६ व नाडगौडा ३. आणि राहिलेला मोकासा सरदारांचा. एकाच परगण्यात निरनिराळ्या सरदारांचे हक्क एकमेकांत गुंतवून ठेवले गेले. कोणाही एकाची सत्ता एका मुलखात अबाधित होऊ नये, हा त्यातील राजकीय हेतू. परंतु त्याचा आर्थिक परिणाम असा झाला की, मुलखाचे उत्पन्न अनेक लहानमोठ्या हक्कदारांच्या घरी खंडाखंडांनी पोहोचू लागले. प्रत्येक हक्कदाराचा कारकून वेगळा आणि प्रत्येक कारकुनाचा खर्च अखेर गावावर.

ही व्यवस्था समतेची होती असे मुळीच नाही. वाटा मिळण्याचे गमक श्रम नसून जन्मप्राप्त पद हे होते. बलुतेदारांपैकी महारांच्या वाट्याला हाडकी-हाडोळ्याच्या जमिनी व बलुते येई. परंतु त्याच्या मोबदल्यात सरकारची व गावाची जी कामे करावी लागत, त्यांस मर्यादा नव्हती. वेठ ही या वाटणीची दुसरी बाजू होती आणि ती ज्यांच्या माथी पडत होती त्यांस गोतसभेत समान स्थान नव्हते. तेव्हा 'ग्रामसंस्थेचे सुवर्णयुग' ही एकोणिसाव्या शतकात रूढ झालेली कल्पना तपासूनच घेतली पाहिजे. या व्यवस्थेविषयी निश्चितपणे एवढेच म्हणता येते की, तिच्यात उत्पन्नावरील मागणी गावाच्या एकत्रित जमाबंदीतून ठरे, पाटील गावातर्फे घासाघीस करी आणि पीक बुडाल्यास सूट, तहकुबी व तगाई या गोष्टी वाटाघाटीच्या कक्षेत येत. रयत गाव सोडून दुसऱ्या मुलखात जाऊ शकत होती आणि ओसाड गाव हे कमाविसदाराच्या दृष्टीने मोठे संकट होते. पडीत जमीन लागवडीस आणण्यासाठी क्रमाने वाढणाऱ्या धाऱ्याचा इस्तावा दिला जाई, तो याच कारणाने. माणसांपेक्षा जमीन विपुल असताना रयतेच्या हाती असलेले हे एक मोठे बळ होते.

२. मामलत आणि सावकार

सावकार हा इंग्रजी राज्याने निर्माण केलेला नाही. पेशव्यांचे राज्यच सावकारी कर्जावर चालत होते. बाजीराव पहिला याच्या मोहिमा कर्जाने उभ्या राहिल्या आणि ब्रह्मेंद्रस्वामींसारखा धर्मगुरूही त्याच्या धनकोंपैकी एक होता. कमाविसदारास नेमणुकीच्या वेळी अपेक्षित वसुलाचा मोठा भाग रसद म्हणून सरकारात आगाऊ भरावा लागे. ती रक्कम तो सावकाराकडून व्याजाने उचली आणि वसुलातून फेडी. अशा रीतीने पुण्याच्या पेढ्या व खेड्यातील खळी यांचा संबंध सरकारी खजिन्याच्या मार्गाने जुळलेला होता.

खेड्यातील सावकारही होता. परंतु त्याच्या वसुलीची साधने वेगळी होती. धनको ऋणकोच्या दारी तगादा लावी, धरणे धरून बसे, लोकलज्जेचा उपयोग करी. वाद वाढल्यास पंचायत बसे आणि पंच मुद्दल, व्याज व ऋणकोची ऐपत यांचा एकत्र विचार करून हप्ते बांधून देत. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये हा दामदुपटीचा नियम सर्वमान्य होता. सरकार खासगी देण्याच्या वसुलीत सहसा स्वतः उतरत नसे. याचा परिणाम असा की गावातील सावकारास गावाशी जुळवून घेणे भाग पडे. पिकाचा मोठा वाटा त्यास मिळू शकत होता, पण शेत सहसा मिळत नसे. मिरास विकली जाई, तीही गावाच्या माहितीने व साक्षीने.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) या समतोलाचा पाया खचला. १८०२ साली यशवंतराव होळकराच्या स्वारीने पुण्याची वाताहत झाली. पाठोपाठ १८०३–०४ चा भीषण दुष्काळ आला. त्यानंतर मामलती इजाऱ्याने देण्याची पद्धती सर्रास सुरू झाली. जो अधिक बोली करील त्यास मामलत. आणि त्याहून अधिक बोली करणारा भेटल्यास आधीच्या मामलतदाराची मुदत संपण्यापूर्वीच उचलबांगडी. आपण पुढील वर्षी या जागी असू याची ज्यास खात्री नाही, त्यास पुढील वर्षीच्या पिकाची काळजी असण्याचे कारण नव्हते. ओसाड गावाचे भय बाळगणारा कमाविसदार जाऊन त्याच्या जागी चालू हंगामाच्या वसुलावर डोळा ठेवणारा इजारदार आला. राज्य तेच, पेशवा तोच, कमाल आकारणीचे कागदही तेच. बदलला तो अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा प्रकार. तेवढ्या बदलाने वाटणी उलटीपालटी होऊ शकली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३. कंपनीची जमाबंदी

१८१८ साली हा प्रदेश कंपनीच्या ताब्यात आला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात जुन्या संस्था शक्य तो न मोडण्याचे धोरण मांडले. इजारे बंद झाले. पंचायतींस उत्तेजन देण्याचा प्रयत्न झाला. तथापि राज्याची रचनाच निराळी असल्यामुळे हे धोरण फार काळ टिकणे शक्य नव्हते. मध्यस्थांस वगळून प्रत्येक कुळाशी सरकारने थेट व्यवहार करावा, ही रयतवारीची कल्पना हळूहळू प्रबळ झाली.

या कल्पनेचा पहिला मोठा प्रयोग रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२७ पासूनच्या वर्षांत केला. हेलिबरीच्या महाविद्यालयात माल्थसच्या अध्यापनाखाली शिकलेल्या प्रिंगलने रिकार्डोच्या खंडविषयक सिद्धांताचा आधार घेतला. लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावे, असे त्याने ठरविले. सिद्धांत रेखीव होता. परंतु निव्वळ उत्पन्नाचा अंदाज प्रत्यक्षात चुकला, मोजणीच्या कामात लाचलुचपत शिरली आणि पडत्या भावांच्या काळात आकारणी असह्य झाली. रयत गावे सोडून जाऊ लागली. १८३५ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली. तिने सिद्धांताचा आग्रह सोडला. जमिनीची आणेवारीने प्रतवारी, प्रत्येक शेतास नंबर, पूर्वीच्या प्रत्यक्ष वसुलाकडे पाहून ठरविलेला सौम्य धारा आणि तीस वर्षांची मुदत ही तिची अंगे होत. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या पद्धतीस कायमचे रूप दिले आणि १८६५ च्या मुंबई कायद्याने तीस कायद्याचा आधार मिळाला.

ही जमाबंदी पूर्वीच्या दोन्ही प्रयोगांपेक्षा हलकी होती आणि तिच्यामुळे लागवड वाढली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु धाऱ्याच्या दरापेक्षा तिच्या रचनेचे परिणाम अधिक दूरगामी होते. मिरासदार व उपरी हा भेद संपला. दोघेही नंबराचे खातेदार झाले. खातेदाराचा कब्जा वंशपरंपरेचा तसाच हस्तांतरयोग्यही ठरला. धारा रोख, ठरीव हप्त्याने आणि पिकाच्या स्थितीशी निरपेक्ष राहून भरावयाचा. पाटील आता गावाचा प्रवक्ता राहिला नाही. तो सरकारचा वसुली सेवक बनला. परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस १८६० नंतरच्या दशकातील तडजोडीने सेवेतून मुक्त करून त्यांच्या उत्पन्नाचा काही भाग त्यांच्याकडेच ठेवण्यात आला. इनामांची छाननी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनकडे आली. ज्यांची सनद टिकली त्यांचे इनाम टिकले. वाटणीचे गमक आता पद राहिले नाही. त्याची जागा कागदाने घेतली होती.

सूट आणि तहकुबी यांचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. तीस वर्षांची सरासरी काढून धारा सौम्य ठरविला आहे, तेव्हा चांगल्या वर्षाच्या शिलकेतून रयतेने वाईट वर्षाची भर करावी, असे जमाबंदीचे तत्त्व होते. शिल्लक टाकण्याचे सामर्थ्य असणाऱ्या शेतकऱ्यास ते लागू पडत होते. लहान खातेदारापुढे वाईट वर्षी एकच मार्ग उरे: धारा भरण्यासाठी सावकाराकडे जाणे. पूर्वी कमाविसदार सावकाराकडून रसद उचलीत असे. आता ती रसद प्रत्येक खातेदार स्वतःच्या नावावर उचलू लागला. राज्यावरील कर्जाचा भार अशा रीतीने खातेदारांवर विभागला गेला.

४. न्यायालय आणि कर्जरोखा

याच सुमारास तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही बदलले. १८२७ च्या नियमसंग्रहाने दिवाणी न्यायालयांची घडी बसविली. न्यायालयाने मान्य करावयाच्या व्याजाची मर्यादा तेव्हा दरसाल शेकडा १२ होती. १८५५ च्या कायद्याने ती काढून टाकण्यात आली. १८५९ साली दिवाणी कार्यपद्धतीचा सर्वसाधारण कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर फिर्याद करण्याची मुदत तीन वर्षांवर आणली. जुन्या, संशयास्पद मागण्यांपासून ऋणकोचे रक्षण करावे, हा मुदतीच्या कायद्याचा हेतू होता.

प्रत्यक्षात त्याचा परिणाम उलट झाला. मुदत संपू नये म्हणून सावकार दर दोन-तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेऊ लागला. नव्या रोख्यात जुने मुद्दल व त्यावरील थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल होई. व्याज मुद्दलापेक्षा जास्त नसावे हा दामदुपटीचा नियम शब्दशः पाळला जात असतानाच त्यातील अर्थ निघून गेला. लिहिता-वाचता न येणारा कुणबी रोख्यावर नांगराची निशाणी करी. त्यात काय लिहिले आहे हे सांगणारा बहुधा सावकारच असे. पुढे फिर्याद झाली म्हणजे न्यायाधीशासमोर एक नियमबद्ध दस्तऐवज येई. ऋणको अनेकदा हजरच राहत नसे. हुकूमनामा एकतर्फी होई. मग जप्ती, लिलाव, प्रसंगी देण्यापायी तुरुंग.

न्यायाधीश पक्षपाती होते, असे यावरून म्हणता येत नाही. कायद्यापुढे धनको व ऋणको समान होते, आणि प्रश्न त्याच समानतेतून उद्भवला. एका बाजूस हिशेबाच्या वह्या, वकील व थांबण्याची ऐपत. दुसऱ्या बाजूस स्मरणशक्ती आणि हंगामाची निकड. पंचायत ऋणकोची ऐपत विचारात घेत होती. न्यायालय रोख्यापलीकडे पाहू शकत नव्हते. ज्या जमाबंदीवर विंगेटचे नाव कोरलेले आहे, त्या विंगेटनेच १८५२ मध्ये सावकारास न्यायालयांमुळे मिळालेल्या या बळाविषयी इशारा दिला होता. सावकार तोच होता. त्याच्या लोभात अकस्मात वाढ झाली असे मानण्यास आधार नाही. त्याच्या पाठीशी उभी असलेली सत्ता मात्र नवी होती. पूर्वी त्यास गावाच्या संमतीवर अवलंबून राहावे लागे. आता त्याचा हुकूमनामा सरकारचा बेलिफ बजावीत होता.

५. १८७५ चा उठाव

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, मुंबईत पैसा खेळू लागला आणि त्या तेजीची लाट कर्जाच्या रूपाने दख्खनच्या कोरडवाहू गावांपर्यंत आली. रेल्वेची कामेही याच काळात चालू होती. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला. जमिनीस किंमत आली आणि म्हणून ती तारण घेण्यास सावकार उत्सुक झाला. १८६५ नंतर भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून जमाबंदीची फेरतपासणी सुरू झाली. तेजीतील भावांवर नजर ठेवून इंदापूर तालुक्यात १८६७ मध्ये धारा निम्म्याहून अधिक वाढविण्यात आला. तक्रारी इतक्या वाढल्या की १८७४ च्या ऑक्टोबरात मुंबई सरकारने वाढीवर मर्यादा घातली: तालुक्यास शेकडा ३३, एका गावास ६६ आणि एका खात्यास १००. पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७३ मध्येच शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला होता.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने हुकूमनामा बजावून तेथील देशमुखाचे घर पाडले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची शेते कसणे, पाणी भरणे, हजामत करणे बंद झाले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे आठवड्याच्या बाजारी जमलेल्या लोकांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. पुढील काही दिवसांत हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. एकूण ९५१ लोक पकडले गेले आणि त्यांपैकी ५०१ जणांस शिक्षा झाल्या.

या दंग्यांचे स्वरूप बोलके आहे. माणसांवर हल्ले क्वचितच झाले. लोकांनी कर्जरोखे, हुकूमनामे व वह्या मागितल्या आणि त्या जाळल्या. ज्या सावकाराने कागद निमूटपणे हवाली केले त्यास बहुधा इजा झाली नाही. रोष मुख्यतः मारवाडी व गुजराती सावकारांवर होता. तोच व्यवहार करणाऱ्या स्थानिक ब्राह्मण सावकारांस अनेक ठिकाणी वगळण्यात आले. यात परकेपणाची भावना होती हे उघड आहे. परंतु तिच्या जोडीला एक अचूक आकलनही होते. आपली संपत्ती ज्या साधनाने हिरावली जात आहे ते साधन म्हणजे न्यायालयात चालणारा कागद, हे त्या निरक्षर शेतकऱ्यांनी ओळखले होते.

सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने अहमदनगर तालुक्यातील काही गावांची पाहणी करून असा निष्कर्ष काढला की सुमारे एक तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले आहेत, त्यांचे सरासरी कर्ज त्यांच्या धाऱ्याच्या सुमारे १८ पट आहे आणि त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांश कर्जास जमीन तारण आहे. मंडळाच्या बहुमताने सरकारी धाऱ्यास मुख्य कारण मानले नाही. ऑकलंड कॉल्विन या सदस्याने मात्र वेगळे टिपण लिहून वाढीव आकारणीवर ठपका ठेवला.

अलीकडील संशोधनात या घटनेच्या व्याप्तीविषयी मतभेद आहेत. रवींद्र कुमार यांनी १९६८ च्या ग्रंथात इंग्रजी जमाबंदीने ग्रामसमाजाची वीण कशी उसवली हे दाखविले. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ पासूनच्या लेखनात दंग्यांचे महत्त्व वाजवीपेक्षा फुगविले गेले आहे, असे प्रतिपादन केले. जमिनीचे हस्तांतर समजले जाते तेवढ्या प्रमाणात झालेच नव्हते, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने त्याने निष्कर्ष बदलत नाही. कोरडवाहू शेत स्वतः कसण्याची सावकारास हौस नव्हती. त्यास हवा होता तो पिकाचा वाटा. जुन्या मालकालाच शेतावर ठेवून त्याच्याकडून दरसाल धान्य घेणे हे लिलावापेक्षा किफायतशीर होते. त्यासाठी लिलाव प्रत्यक्ष होण्याची गरज नव्हती. तो होऊ शकतो एवढे भय पुरेसे होते. म्हणून हस्तांतराच्या नोंदी मोजून वाटणीतील बदलाचे पूर्ण माप घेता येत नाही.

६. १८७९ चा कायदा

उठावाचे फळ म्हणजे १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा. तो प्रथम पुणे, अहमदनगर, सातारा व सोलापूर या चार जिल्ह्यांस लागू झाला. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. देण्यापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकणे बंद झाले. जी जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नाही तिचा लिलाव थांबला. दस्तऐवज गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करणे आवश्यक झाले आणि समेट घडविण्यासाठी सलोखेदार नेमण्यात आले. पंचायतीची जी दृष्टी न्यायालयाने गमावली होती, ती कायद्याने त्यास परत देण्याचा हा प्रयत्न होता. या कायद्याच्या अंमलबजावणीशी विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा निकटचा संबंध आला. सर विल्यम वेडरबर्न यांच्या शेतकी बँकेच्या योजनेस त्यांनी दिलेला पाठिंबा याच अनुभवक्षेत्रातील आहे.

कायद्याच्या मर्यादा लवकरच दिसू लागल्या. गहाणखताची तपासणी होऊ लागताच सावकार खरेदीखत लिहून घेऊ लागले. व्यवहार कर्जाचा, कागद विक्रीचा. काही सावकारांनी हात आखडता घेतला आणि त्यांची जागा गावातीलच सधन शेतकऱ्यांनी घेतली. कर्ज घेण्याची गरज ज्या धाऱ्यातून व ज्या अवर्षणातून उत्पन्न होत होती, त्यांस कायद्याने हात लावला नव्हता. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांचा मार्ग खुला केला. परंतु त्यानंतर अर्धशतक लोटल्यावर, १९५१–५२ सालच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा शेकडा ३ च्या आसपास आणि सावकारांचा सुमारे ७० आढळला.

७. कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेले

१८७९ च्या कायद्याने कोणास संरक्षण दिले, याबरोबरच कोणास दिले नाही हेही पाहणे आवश्यक आहे. सुप्याच्या बाजारात जमलेला खातेदार शेतकरी सरकारच्या नजरेस पडला, कारण त्याच्या असंतोषाचा धाऱ्याच्या वसुलीशी व मुलखाच्या शांततेशी थेट संबंध होता. सार्वजनिक सभेसारखी संस्था त्याची बाजू मांडीत होती. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात सावकाराबरोबरच भटकामगार व नोकरशाही यांवर प्रहार करून या चर्चेची कक्षा रुंदावली.

कोकणात चित्र वेगळे होते. सरकार तेच, प्रांत तोच. परंतु रत्नागिरीच्या बाजूस सरकार व कूळ यांच्या दरम्यान खोत टिकून राहिला आणि १८८० च्या खोती कायद्याने त्याच्या हक्कास मान्यता दिली. एकाच सत्तेखाली घाटावर मध्यस्थ वगळला जातो आणि घाटाखाली तो कायम राहतो, तेव्हा तेथील कुळाचे दारिद्र्य केवळ भूमीच्या किंवा स्वभावाच्या खाती मांडता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत गेला. प्रत्यक्ष निर्मूलन १९४९ च्या कायद्याने झाले. महार वतनाचीही हीच कथा आहे. १८७४ च्या वंशपरंपरागत पदांच्या कायद्याने परगणे-वतनदारांच्या तडजोडीस आधार दिला. कनिष्ठ ग्रामसेवकांची अमर्याद सेवा मात्र चालूच राहिली. तीत दुरुस्ती करण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ साली मांडलेले विधेयक संमत झाले नाही. ती वतने १९५८ च्या कायद्याने संपुष्टात आली. देशमुखास सेवेतून मोकळे करणारी तडजोड आणि महारास मोकळे करणारा कायदा यांत जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, दख्खनमध्ये धाऱ्याचे प्रमाण हे वाटणीचे एकमेव किंवा प्रधान कारण नव्हते. शिवकालीन दोन पंचमांशाचा धारा गोल्डस्मिड-विंगेट यांच्या आकारणीपेक्षा हलका नव्हता. तरीही विंगेटच्या सौम्य धाऱ्याखालीच शेतकऱ्याचे शेत धोक्यात आले. धारा किती यापेक्षा तो न भरल्यास काय होते, हे अधिक महत्त्वाचे ठरले. दुसरी, संपत्तीच्या वाटणीत राज्यसत्तेचा सर्वात प्रभावी हस्तक्षेप नेहमी कर किंवा दानाच्या रूपात होतो असे नाही. कोणता करार आपण बजावू आणि कोणता बजावणार नाही, हे ठरवूनही सत्ता वाटणी करीत असते. आणि हा हस्तक्षेप अदृश्य असल्यामुळे त्याचे परिणाम व्यक्तींच्या उधळेपणाच्या किंवा लोभाच्या माथी मारले जातात. १८७५ नंतरच्या चर्चेत कुणब्याच्या लग्नखर्चाविषयी जेवढी शाई खर्च झाली, तेवढी मुदतीच्या कायद्याविषयी झाली नाही.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. व्यवस्थेने केलेला अन्याय व्यवस्थेनेच दुरुस्त केल्याची उदाहरणे या इतिहासात आहेत; परंतु ती दुरुस्ती दुःखाच्या प्रमाणात झाली नाही, ती ऐकल्या जाणाऱ्या आवाजाच्या प्रमाणात झाली. खातेदाराचे रोखे जळाल्यावर चार वर्षांत कायदा झाला. ज्यांच्याजवळ जाळण्यासारखा रोखाही नव्हता, त्या खोताच्या कुळास व वतनी महारास प्रौढ मताधिकाराचे राज्य येईपर्यंत वाट पाहावी लागली. १ एप्रिल १९५७ रोजी कूळकायद्याने कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानले. त्या दिवशीही ज्याचे नाव कागदोपत्री कूळ म्हणून लागलेले होते त्याला जमीन मिळण्याची आशा होती; नाव न लागलेल्या शेतमजुरास ती नव्हती. वाटणीच्या कोणत्याही नव्या योजनेचे परीक्षण करताना तिच्यातील आकड्यांबरोबरच तिच्या नोंदवहीत कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, हे पाहणे म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य ठरते.